भात न विकणारं गाव
जावा बेटावरच्या चिप्तागेलारची गोष्ट

आज सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. मागच्या सुगीत आपल्यापैकी कितीजणींच्या घरचं भात खळ्यावरूनच विकलं गेलं, आणि पुढं आषाढ-श्रावणात दुकानातून तांदूळ आणावा लागला? आमच्या गटात हा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघून हसलो. कारण हात जवळजवळ सगळ्यांचेच वर झाले होते. विकताना भाव पडलेला, घेताना चढलेला. आणि विकायचं किती, ठेवायचं किती, हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं होतं, असं सांगणाऱ्या बाया दोघी-तिघीच निघाल्या.

म्हणून आज आपण एका अशा गावाला जाणार आहोत, जिथं भात विकायचंच नाही असा नियम आहे. सरकारचा नव्हे, गावाचा स्वतःचा. गाव आपल्या देशातलं नाही. समुद्रापलीकडं इंडोनेशियात आहे. नाव आहे चिप्तागेलार.

गाव कुठं आहे

इंडोनेशिया हा सतरा हजारांहून जास्त बेटांचा देश. त्यातलं एक बेट जावा. नकाशावर बघितलं तर जावा आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, पण माणसं राहतात पंधरा कोटींच्या वर. जगात सगळ्यात जास्त माणसं असलेलं बेट हेच. इतकी दाटी म्हटल्यावर शेतीवर किती ताण येत असेल, हे सांगायला नको.

या बेटाच्या पश्चिमेला सुंदा लोक राहतात. त्यांची भाषा सुंदानी. सुकाबुमी नावाचा जिल्हा आहे, दक्षिणेला त्याला समुद्र लागतो. किनारा सोडून डोंगर चढायला लागलं की रस्ता अरुंद होत जातो, मग खडबडीत होतो, आणि शेवटी ढगात शिरतो. हा हालिमुनचा डोंगर. सुंदानी भाषेत हालिमुन म्हणजे धुकं. चिप्तागेलार तिथं, सुमारे हजार मीटर उंचीवर, सिर्नारेस्मी या मोठ्या गावाच्या हद्दीत आहे. राजधानी जकार्तापासून निघालं तर तिथं पोचायला सबंध दिवस मोडतो.

सुकाबुमीतला ‘बुमी’ म्हणजे आपली भूमीच. इंडोनेशियाच्या भाषेत असे कितीतरी शब्द भेटतात. बायकोला ‘इस्त्री’ म्हणतात, ती आपली स्त्री. नवऱ्याला ‘सुआमी’, तो स्वामी. उपासाला ‘पुआसा’ आणि खेड्याला ‘देसा’. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडचे लोक जहाजांतून तिकडं जात, तिकडचे इकडं येत, त्याच्या या खुणा. आज तिथले बहुतेक लोक मुसलमान आहेत, चिप्तागेलारचेही. नमाज आहे, रोजे आहेत, आणि त्याबरोबर वाडवडिलांनी घालून दिलेली भाताची रीतही आहे. त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही.

चिप्तागेलार एकटं नाही. हालिमुनच्या डोंगरात अशा अनेक वस्त्या आहेत. त्यांना ‘कासेपुहान’ म्हणतात. ‘सेपुह’ म्हणजे म्हातारं, जाणतं माणूस. कासेपुहान म्हणजे जाणत्यांच्या रीतीनं चालणारी माणसं. आपली वस्ती १३६८ सालापासून चालत आली आहे असं चिप्तागेलारचे लोक परंपरेनं मोजतात. मुख्य वस्ती मात्र एका जागी राहिलेली नाही. वाडवडिलांचा संकेत आला की ती हलते. आताच्या जागी ती २००० सालाच्या सुमारास आली. गावच्या प्रमुखाला ‘आबाह’ म्हणतात. ऐकायला आपल्या आबांसारखंच. सध्याचे आबाह उगी हे २००७ साली वडील वारल्यावर तरुणपणीच गादीवर आले.

भात म्हणजे आई

आता नियमाकडं येऊ. चिप्तागेलारमध्ये आपल्या शेतातलं भात विकत नाहीत, त्याचा तांदूळही विकत नाहीत. भात म्हणजे जीव, आणि जीव विकला तर राहिलं काय, असं त्यांचं म्हणणं.

जावा बेटावर भाताची देवी आहे, देवी श्री. सुंदा लोक तिला न्यी पोहाची म्हणतात. आपण लक्ष्मीला श्री म्हणतो, तोच हा शब्द. शेतातलं भात म्हणजे ती देवीच, आणि घरात येतं ते भात म्हणजे आई. म्हणून लावणीपासून शिजवण्यापर्यंत तिची बडदास्त ठेवायची. आपण भात पोटरीला आलं म्हणतो ना? जावातही तेव्हा भात गर्भार आहे असं मानतात. बऱ्याच ठिकाणी बांधावर आंबट फळांची फोड ठेवतात. का, तर गर्भारणीला आंबट खावंसं वाटतं. डोहाळे पुरवायचे! हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एकीला तिची आजी आठवली. ती पोटरीतल्या शेतात मोठ्यानं भांडू द्यायची नाही.

कापणीची रीत बघा. आपण विळ्यानं चूड धरून बुडातून कापतो. तिथं विळा चालत नाही. तळहातात मावेल एवढी लाकडाची पट्टी, तिला बारीक पातं बसवलेलं. सुंदानीत त्याला ‘एतेम’ म्हणतात. बोटांच्या बेचक्यात धरून एकेक लोंबी खुडायची. पातं हातात झाकलेलं राहतं, म्हणजे देवीला ते दिसत नाही आणि ती घाबरत नाही. ही झाली श्रद्धा. पण त्याचा व्यवहारातला फायदाही आहे. एकेक लोंबी हाताखालून जाते, त्यामुळं पिकलेली तेवढीच खुडली जाते, कच्ची मागं राहते. भरलेली, निरोगी, टपोरी लोंबी डोळ्यांना दिसते आणि बियाण्यासाठी बाजूला पडते. बियाणं निवडायचं काम वेगळं करावं लागत नाही, कापणीतच होऊन जातं.

अशा निवडीतून तिथं भाताच्या शंभराहून जास्त जाती टिकून आहेत. लाल, काळा, पांढरा, चिकट. कुठली पाणथळात चालते, कुठली उतारावर, कुठली थंडी सोसते, हे घराघरात माहीत असतं. उतारावरच्या कोरडवाहू शेताला ते ‘हुमा’ म्हणतात. तिथं टोकण करतात. पुरुष टोकदार काठीनं भोकं पाडत पुढं जातो आणि बाई मागून त्यात बी सोडत येते.

मृग आणि कृत्तिका

आता एक मौजेची गोष्ट. शेतीची कामं कधी सुरू करायची, हे चिप्तागेलारचे लोक आकाश बघून ठरवतात. त्यांच्या दोन खुणा आहेत. एकीचं नाव ‘केर्ती’, दुसरीचं ‘किदांग’. केर्ती म्हणजे ताऱ्यांचा तो लहानसा पुंजका, आपल्या कृत्तिका. नावही कानाला जवळचंच लागतं. आणि किदांग म्हणजे ते तीन तारे एका रेषेत असतात ते, आपलं तिकांडं, मृग नक्षत्रातलं. किदांग या शब्दाचा अर्थ काय असेल? हरीण! आपण त्याला मृग म्हणतो, तेही हरीणच.

फरक एवढाच, की आपण सूर्य मृगात गेला की पेरणीला लागतो. त्या दिवसांत मृग आपल्याला दिसत नाही, कारण तो सूर्याच्या उजेडात असतो. ते लोक पहाटे उठून पूर्वेला बघतात. आधी केर्ती दिसते, तेव्हा अवजारं काढून धार लावायची. मग काही दिवसांनी किदांग दिसतो, तेव्हा शेतावर उतरायचं. जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणून लावणीही तेव्हा.

आणि या हिशेबाचं शेवटचं टोक फार महत्त्वाचं आहे. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुमारास किदांग पश्चिमेला मावळून दिसेनासा होतो. त्यांची जुनी समजूत आहे, की हरीण मावळलं की ‘कुंगकांग’ खाली उतरतो. कुंगकांग म्हणजे दुधात आलेल्या दाण्याचा रस शोषणारा, उग्र वासाचा ढेकूण. आपल्या भातावरही तसला पडतो. म्हणजे तिकांडं मावळायच्या आत दाणा टणक झाला पाहिजे. उशिरा लावलं, तर भात ढेकणाच्या तोंडी गेलं.

म्हणून सगळं गाव एकाच वेळी लावणी करतं आणि वर्षातून एकच पीक घेतं. या देशी जातींना तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. भात निघालं की शेत विसावतं, कुणी त्यात पाणी धरून मासे सोडतं. भाताच्या किडीला तेवढ्या काळात खायला भातच मिळत नाही. साखळी तुटते. त्यामुळं फवारणीवाचून त्यांचं चालतं.

बाकीच्या जावात काय झालं

हे लोक जुन्याला चिकटून बसलेत, एवढंच म्हणून सोडून देता येत नाही. साधारण १९७० च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारनं बुटक्या, लवकर येणाऱ्या नव्या जाती गावोगाव नेल्या. बरोबर खत, कीटकनाशक आणि कर्ज. वर्षाला दोन-दोन, तीन-तीन पिकं निघायला लागली. त्याचा फायदाही झाला, तो नाकारता येत नाही. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला.

पण शेत कधी रिकामं राहिना, आणि सगळीकडं एकसारख्याच जाती. तपकिरी तुडतुड्यांचं फावलं. तुडतुडे आपल्याही भातशेतीला माहीत आहेत. शेतकरी जितकं फवारत, तितके तुडतुडे वाढत. कारण फवाऱ्यानं तुडतुडे खाणारे कोळीच आधी मरत होते. शेवटी १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांना हुकूम काढून भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. पुढं १९९७-९८ मध्ये मोठा दुष्काळ आणि पैशाचं संकट एकदमच आलं. तांदळाचे भाव भडकले आणि देशाला परदेशातून प्रचंड तांदूळ आणावा लागला.

अशा वर्षी दुकानातला भाव काय झाला, याची काळजी कुणाला कमी? ज्याच्या दारात भरलेलं कोठार आहे, त्याला.

कोठार

चिप्तागेलारच्या कुठल्याही फोटोत आधी नजरेत भरतात ती कोठारं. त्यांना ‘लेउइत’ म्हणतात. लाकडी खांबांवर उचललेली, बांबूच्या भिंतींची, काळ्या छपरांची छोटी घरंच ती. खांबांमुळं जमिनीची ओल आणि उंदीर लांब राहतात. दार खाली नसतं, वर आढ्याजवळ लहानशी झडप असते. शिडी लावून वर चढायचं, तिथून पेंढ्या आत रचायच्या. घराला आग लागली तर धान्य वाचावं, म्हणून कोठारं घरांपासून थोडी बाजूला, घोळक्यानं बांधतात.

भात तिथं झोडत नाहीत. लोंब्या देठासकट खुडून त्यांच्या जुड्या बांधतात. बांबूच्या आडव्या काठ्यांवर त्या ओळीनं टांगून कित्येक दिवस उन्हा-वाऱ्यात सुकवतात. मग पुन्हा नीट बांधून कोठारात. दाणा तुसासकट, लोंबीसकट राहतो, त्यामुळं चांगला टिकतो. घरातलं यंदाचं भात संपायच्या आत पुढचं येतं, आणि जुनं शिल्लक राहतं. अशी कोठारं या साऱ्या वस्त्यांत मिळून हजारोंनी आहेत.

घराघराच्या कोठारांशिवाय एक सगळ्यांचं मिळून कोठार आहे. त्याचं नाव ‘सी जिमात’. सुगी झाली की प्रत्येक घर त्यात आपला थोडा वाटा घालतं. कुणाचं पीक बुडालं, कुणाचं कोठार रिकामं झालं, तर तो तिथून भात उचलतो आणि पुढच्या सुगीला परत आणून ठेवतो. सावकाराच्या दारात जायची पाळी येत नाही. आपण गटात पैशाची बचत करतो आणि अडल्या-नडलेल्या बाईला त्यातून कर्ज देतो. त्यांचा गट धान्याचा आहे, एवढाच फरक.

वर्षाच्या शेवटी, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, ‘सेरेन ताउन’ नावाचा मोठा सण होतो. सेरेन ताउन म्हणजे सरलं वर्ष सोपवून देणं. पुरुष खांद्यावर बांबूच्या कावडी घेऊन भाताच्या पेंढ्या वाजत-गाजत आणतात. कावडीला दोरी घासून करकर असा आवाज येतो, तेच त्यांचं वाद्य. निवडक पेंढ्या सी जिमातमध्ये ठेवतात. त्याला आईला बसवणं म्हणतात. नवं भात पहिल्यांदा शिजवून खायचाही वेगळा विधी असतो. आपल्या कोकणात नवं करतात, तसंच ते.

उखळ, चूल आणि बाई

आता बायकांकडं येऊ. भात कोठारातून काढलं की ते कांडायचं काम बायकांचं. लांब लाकडी होडीसारखं उखळ असतं, त्याला ‘लिसुंग’ म्हणतात. चार-सहा जणी दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात आणि मुसळ चालवतात. मुसळ पडायचा ठेका जुळला की त्याचं संगीत होतं. सणाला तर नुसतं वाजवण्यासाठीही उखळावर मुसळं पडतात. गिरणीत भात भरडायला मनाई आहे.

हे ऐकल्यावर आमच्या गटातल्या एका मावशी चटकन म्हणाल्या, “त्या आबाहला म्हणावं, चार दिवस स्वतः मुसळ धर. मग सांग मनाई.”

आम्हालाही ते पटलं. आमच्या आज्यांनी पहाटे उठून दळलं, कांडलं. गिरणी आली तेव्हा त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. ते ओझं पुन्हा बायकांनी उचलावं, असं आम्ही म्हणणार नाही. शिवाय तिथली गादी बापाकडून मुलाकडं जाते, लेकीकडं नाही. तेव्हा तिथलं सगळंच गोड आहे, असं सांगायला आम्ही आलो नाही.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुंदा लोकांच्या जुन्या पद्धतीच्या घरात तांदूळ ठेवायची एक लहान खोली असते, ‘गोआह’. तिच्यात पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. आत किती आहे, रोज किती काढायचं, हे घरच्या बाईलाच माहीत. घरातलं धान्य तिच्या हाताखाली असतं, आणि रीतच अशी की तिला न विचारता ते कुणी उचलू शकत नाही. बाजारात न्यायचा तर प्रश्नच येत नाही.

गावात एक मोठं घर आहे, ‘इमाह गेदे’. आबाहचं घर तेच, आणि आल्या-गेल्याचं घरही तेच. तिथल्या चुली विझत नाहीत म्हणतात. गावच्या बाया पाळीपाळीनं रांधतात. बांबूच्या निमुळत्या टोपलीत तांदूळ घालून वाफेवर भात शिजवतात. पाहुणा कुठूनही आलेला असो, न जेवता जात नाही. भात विकायचा नसतो, पण वाढायचा असतो.

मग पैसा कुठून येतो?

हा प्रश्न आमच्याकडंही लगेच निघाला. मीठ, तेल, कपडा, शाळा, दवाखाना. पैसा तर लागतोच.

चिप्तागेलारचे लोक बाकीचं सगळं विकतात. भाजीपाला विकतात, केळी विकतात, मासे विकतात. आरेन नावाचं ताडासारखं झाड असतं, त्याचा रस काढून, आटवून त्याचा गूळ करतात, तो विकतात. त्याच झाडाच्या काळ्या काथ्यानं घरांची आणि कोठारांची छपरं शाकारतात. छपराला मातीची कौलं वापरत नाहीत. जिवंत माणसानं मातीखाली राहू नये, असं ते म्हणतात. काही जण बाहेर मजुरीला, नोकरीलाही जातात.

आणि हे लोक जगापासून तुटलेले नाहीत. डोंगरातल्या ओढ्यांच्या पाण्यावर लहान जनित्रं बसवून त्यांनी वीज केली. मोबाईल आहे, मोटारसायकली आहेत. मैत्रिणींनो, त्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्रही आहे, आपल्यासारखंच! आणि २००८ च्या सुमारास त्यांनी चिगा टीव्ही नावाची गावची दूरचित्रवाणी सुरू केली. तिच्यावर लावणी दिसते, कापणी दिसते, गावची माणसं दिसतात. आबाह उगींना स्वतःला यंत्रं उघडून जोडायचा छंद आहे.

आम्हाला या गावाची खरी शिकवण इथं दिसली. त्यांनी सगळं जुनं धरून ठेवलेलं नाही. कशाला बाजाराचा हात लागू द्यायचा नाही, हे त्यांनी आधी ठरवलं. ते म्हणजे भात. भाताचं बी, भाताचं शेत, भाताचं कोठार, भाताची चूल. तेवढी एक चौकट पक्की केली. मग बाकीच्या गोष्टी येतील तशा घ्यायला ते मोकळे झाले.

वरचं रान

पण भाताला पाणी लागतं आणि पाणी रानातून येतं. म्हणून रानाचेही त्यांनी तीन भाग केलेत. डोंगरमाथ्याचं रान म्हणजे ठेव. पूर्वजांनी सांभाळायला दिलेली. त्यात कुणी शिरायचं नाही, काटकीसुद्धा आणायची नाही. त्याच्या खालचं रान राखीव. गरज पडली तर विचारून, मोजकं घ्यायचं. त्याखालचं रान कसायचं. शेतं, बागा, घरं त्यात. वरची ठेव मोडली, तर खालचे झरे आटतील, हे लहान मूलही सांगतं.

सरकारच्या कागदावर मात्र ही वाटणी नव्हती. १९९२ साली हालिमुनचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. २००३ साली ते वाढवून हालिमुन-सलाक असं सुमारे १ लाख १३ हजार हेक्टरांचं उद्यान केलं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेतं, राखलेली रानं त्याच्या हद्दीत गेली. ज्यांनी जंगल राखलं, त्यांनाच घुसखोर ठरवलं जायची वेळ आली.

या वस्त्यांच्या गोतातल्या चिसितू नावाच्या गावानं इतर आदिवासींबरोबर देशाच्या घटना न्यायालयाचं दार ठोठावलं. मे २०१३ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की रूढीनं राखलेलं जंगल हे सरकारी जंगल नव्हे. पुढं डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी पहिल्या नऊ समाजांना त्यांच्या जंगलाची मान्यता दिली. त्यात कासेपुहान कारांग हे याच डोंगराच्या परिसरातलं गाव होतं. आपल्याकडं २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी ज्यांनी खेटे घातलेत, त्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. निकाल लागला म्हणजे कागद हातात आला असं नाही. तो गावागावानं मागून घ्यावा लागतो. कोठार किती भरलेलं आहे, यावर भागत नाही. वरचं रान आणि त्याचं पाणी कुणाच्या ताब्यात, यावर उद्याचं भात ठरतं.

आपल्या बैठकीसाठी

आता आपल्याकडं. भात विकूच नका, असं आम्ही म्हणणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींची शेती गुंठ्यांत आहे, डोक्यावर कर्ज आहे, मुलांची फी तोंडावर असते. खळ्यावर माल असतानाच पैशाची नड निघते, हे आम्ही स्वतः भोगलंय. चिप्तागेलारचा नियम जसाच्या तसा आपल्याला लागू पडणार नाही.

पण क्रम बदलता येईल का, एवढं बघू. आज आपण आधी विकतो आणि उरलं तर ठेवतो. आधी ठेवलं आणि मग विकलं तर? त्यासाठी पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं चार गोष्टी मांडाव्यात.

पहिली, आपल्या घराला पुढच्या सुगीपर्यंत किती धान्य लागतं. अंदाजे नको, मापून. महिन्याला किती पायली किंवा किती किलो शिजतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

दुसरी, मागच्या वर्षी धान्य विकताना काय भाव मिळाला आणि विकत घेताना काय पडला. दोन्ही आकडे शेजारी लिहा. मधला फरक म्हणजे आपलं नुकसान.

तिसरी, घरात किंवा शेजारी कुणाकडं जुनं बियाणं आहे का. मूठभर असलं तरी चालेल. यंदा कापणीआधी शेतात फिरून चांगल्या, निरोगी लोंब्या हातानं खुडा आणि वेगळ्या सुकवून ठेवा. त्याला एतेम लागत नाही. कात्री पुरते. एक सांभाळा, संकरित बियाण्याच्या पिकातून घेतलेलं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही. हे काम देशी किंवा सरळ वाणाच्या भातावरच करायचं.

चौथी, गटाच्या पैशाच्या पेटीबरोबर धान्याची एक कणगी सुरू करता येईल का. प्रत्येकीनं सुगीत थोडं घालायचं, नडलेलीनं न्यायचं, पुढच्या सुगीत तेवढंच आणून टाकायचं. कणगी कुणाच्या घरी ठेवायची, नोंद कोण ठेवणार, उंदीर आणि ओल कशी टाळायची, हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर भांडणं होतात.

आमच्या गटानं यातल्या पहिल्या दोन गोष्टी केल्या. वहीत आकडे लिहिले. काही जणींच्या घरी ती वही बघून कुरबुर झाली. “तुला कशाला हिशेब पाहिजे?” असंही ऐकावं लागलं. पण दोन घरांत नवऱ्यांनीच म्हटलं, की यंदा चार पोती आधी बाजूला काढू. ज्या मावशी आबाहला मुसळ धरायला सांगत होत्या, त्यांच्या घरी पत्र्याची जुनी कोठी रिकामी पडली आहे. गटाचं धान्य ठेवायला ती देते म्हणाल्या. एकच अट घातली, किल्ली त्यांच्याच कमरेला राहील.

तुमच्या बैठकीत काय निघालं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचीच पत्रं वाचू. येतो मैत्रिणींनो. नमस्कार.